जिप्सीला मागचा एअर लॉकर: जानेवारी ते सप्टेंबर

१९ जानेवारी २०२५, म्हापसा

गाडी मारुती जिप्सी किंग, १३०० पेट्रोल. टायर २१५/७५ आर १५, मड. विंच नाही, लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकमेकांना जखडून बरोबरीने फिरवणारी यंत्रणा) नाही. आठवडाभर हीच गाडी ऑफिसला नेतो आणि रविवारी सत्तरी तालुक्यात कुळागरावर, म्हणजे सुपारीच्या बागेत. पुढचं सगळं या दोन कामांवरून ठरलं.

वाळपईच्या पुढे डांबर संपलं की आमच्या कुळागरापर्यंत तांबड्या मातीचा दीड किलोमीटर चढ आहे. मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. गेल्या ऑगस्टात सुपारीवर बोर्डोची दुसरी फवारणी होती. मागे पंप, मोरचूद, चुन्याची पोती. चढावर मागचं डावं चाक चरात गेलं आणि पुढचं उजवं हवेत. फोर-लो (चारही चाकांना ताकद, खालचे गिअर) टाकलेलं असूनही ती दोनच चाकं गरगर फिरत राहिली. घट्ट जमिनीवरची दोन जागची हलेनात. तीन तास गेले. शेवटी ट्रॅक्टर बोलावला, त्याचे दीड हजार. त्यात फवारणीचा कोरडा दिवस वाया गेला. कोळेरोग, म्हणजे पावसात सुपारी कुजवणारा रोग, ज्यांनी पाहिलाय त्यांना या दिवसाची किंमत सांगायला नको.

येत्या जूनच्या आत मागचा एक्सल लॉक होईल अशी सोय करायची. बजेट १ लाख ४० हजार.

९ फेब्रुवारी

तीन रविवार दुसऱ्यांच्या गाड्या बघण्यात घालवले. हे तीन रविवार अजिबात वाया गेले नाहीत.

आमच्या मेकॅनिक मेस्ताचा पहिला सल्ला: "पात्रांव, स्पायडर गिअरांक वेल्डिंग मारूया. दोन हजारांत काम." स्पायडर गिअर म्हणजे डिफरन्शियलमधले छोटे गिअर, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे. वेल्डिंगने ते कायमचे जखडतात. वेल्डिंग केलेली एक गाडी चालवून पाहिली. चिखलात सरळ वर चढते, तक्रार नाही. पण डांबरावर प्रत्येक वळणाला आतलं चाक रस्ता घासत किंचाळतं आणि तो सगळा पीळ एक्सल शाफ्ट सोसतो. ती गाडी ट्रेलरवर घालून मैदानात नेतात, तिला ते शोभतं. मला सोमवारी सकाळी पणजीला जायचं असतं.

मावसभावाकडे २०२१ची थार आहे, मागे कारखान्यातूनच आलेलं मेकॅनिकल लॉकिंग. ते आपलं आपण लागतं. मागच्या दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतलं वजन उडून दोन्ही बाजू जखडतात. ताशी तीसेक किलोमीटरच्या वर लागत नाही. बटण नाही, विसरायची भीती नाही. त्याच्या काजूच्या बागेत चाललंही छान. पण लॉक लागण्याआधी चाक फिरावं लागतं, आणि आमच्या चढावर गाडी कडेला सरकते ती नेमकी त्याच क्षणी. मला चढाच्या पायथ्याशीच, चाक फिरण्याआधी लॉक हवं.

एका ओळखीच्याची फोर्स गुरखा पाहिली. पुढचं आणि मागचं, दोन्ही लॉक कंपनीचे आणि दोन्ही ड्रायव्हरच्या हातात. हेवा वाटला. मात्र लॉकरसाठी गाडीच बदलायची ही कल्पना घरी मांडून बघितली, उत्तर नोंदवण्यासारखं नाही.

डिफरन्शियलच्या जुन्या केसच्या (कवचाच्या) पोटातच बसणारे स्वस्त ऑटोमॅटिक लॉकरही मिळतात. फक्त स्पायडर आणि साइड गिअर काढून त्यांच्या जागी बसवायचे. जिप्सीसारख्या हलक्या, आखूड गाडीत ते ओल्या डांबरावर ऍक्सिलरेटर सोडताना-दाबताना शेपूट हलवतात. साखळी गावाच्या पुढच्या वळणांवर पावसात ते अनुभवायची इच्छा नाही. एलएसडीचंही (दोन चाकांच्या वेगातला फरक मर्यादित ठेवणाऱ्या डिफरन्शियलचंही) नाव आलं, पण चाक पूर्ण हवेत असेल तर त्याची मदत तोकडी पडते, आणि माझं नेमकं तसंच अडतं.

म्हणजे हवं तेव्हा लागणारा आणि हवं तेव्हा सुटणारा लॉकरच. आता हवेवरचा, विजेवरचा की केबलचा?

२ मार्च

आज डोळे उघडले. महिनाभर मी ब्रँड चाळत होतो. दुकानदाराला फोन केला तर त्याने पहिला प्रश्न विचारला, "एक्सल शाफ्टला स्प्लाइन किती?" स्प्लाइन म्हणजे शाफ्टच्या टोकाचे दात. मी वाचलेला आकडा सांगितला. तो म्हणाला, वाचलेला नको, मोजलेला सांगा. सेकंडहँड जिप्सीत कुणी कुठला एक्सल घातलाय याचा भरवसा नसतो.

मागचं डावं ड्रम उघडून शाफ्ट बाहेर ओढला. पहिल्या दाताला खडूने खूण करून दोनदा मोजले: २६. बरोबर निघाले, पण हे नशीब. आधी पैसे भरून नंतर मोजणारा मीच असतो. क्राउन-पिनियनचे (डिफरन्शियल फिरवणाऱ्या मोठ्या आणि छोट्या गिअरचे) दातही मोजून घ्या. माझे ४३ आणि ११, म्हणजे ३.९०९. लॉकर घेताना रेशो विचारतातच.

निवड खरं म्हणजे इथेच झाली. केबलचा माझ्या एक्सलला मिळाला नाही. विजेवरच्या लॉकरमध्ये आतल्या विद्युतचुंबकाला फक्त दोन वायरी लागतात. कॉम्प्रेसर नको, पाइप नको. मन तिकडेच ओढत होतं. पण २६ स्प्लाइनच्या सुझुकीला बसणारा, मागे भरवशाचं दुकान उभं असलेला मला सापडला नाही. निनावी डब्यातला घेऊन एक्सलच्या पोटात ठेवायचा धीर झाला नाही. एआरबी कंपनीचा एअर लॉकर या एक्सलसाठी बनतो, त्याचे ओ-रिंग आणि सील सुटे मिळतात.

हवेच्या बाजूने आणखी दोन गोष्टी होत्या. हवा गेली तर आतली स्प्रिंग लॉक सोडवते आणि डिफरन्शियल पूर्ववत चालतं. पाइप तुटला तरी घरी येता येतं. शिवाय चिखलात टायर १५ पीएसआयवर आणले की डांबरावर परत भरायला कॉम्प्रेसर तसाही लागणारच होता.

पुढच्या एक्सलचा लॉकर नको असं ठरवलं. चढावर वजन मागच्या चाकांवर येतं. शिवाय पुढे लॉक लावून स्टिअरिंग वळवलं की जिप्सीचे पुढचे सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारे सांधे) पहिले जातात.

१६ मार्च

ऑर्डर दिली. "तीन आठवडे." शिगम्यामुळे मेस्ताचं गॅरेज आठवडाभर बंदच होतं, म्हणून घाई नव्हती.

२० एप्रिल

तीनाचे पाच आठवडे झाले. खोका उघडला: लॉकरची केस, तांब्याची नळी, सील हाउसिंग, सोलेनॉइड (विजेवर उघडणारी हवेची झडप), निळा नायलॉन पाइप, स्विच. केसची बेअरिंगं त्यात येत नाहीत. हे मला माहीत नव्हतं. जुनी काढून वापरू म्हणालो, मेस्ताने ती बोटांवर फिरवून दाखवली. खरखर. नवीन मागवली, आणखी दहा दिवस.

११ मे

जिप्सीची एक गोष्ट मला फार आवडते. डिफरन्शियलचा अख्खा गोळा एक्सल हाउसिंगमधून समोरून बाहेर निघतो. दोन्ही शाफ्ट थोडे ओढायचे, प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, नट काढायचे, गोळा टेबलावर. गाडीखाली उताणं पडून सेटिंग करावं लागत नाही. पिनियनला हात लावायचा नाही, त्यामुळे त्याची शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) तशीच राहते. फक्त केस बदलते.

काढण्याआधी बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खुणा केल्या. कॅप अदलाबदल झाल्या तर पुढचं सगळं व्यर्थ.

आजची चूक पूर्णपणे माझी. क्राउन नव्या केसवर घट्ट बसत होता. मी म्हटलं, बोल्टनेच ओढून घेऊ, एक-एक करून आवळले. बसल्यासारखा दिसला. डायल गेज लावलं तर एका फेरीत ०.२ मिलिमीटरची लय, म्हणजे क्राउन तिरका बसलाय. परत काढला. जुन्या बोल्टच्या भोकाकाठी क्राउनच्या पाठीला बारीक कोर उठली होती. तेलदगडाने ती घासली. मग मेस्ताच्या घरून हंडा आणला, पाणी उकळलं, क्राउन पंधरा मिनिटं त्यात ठेवला, पुसून कोरडा केला आणि केसवर अलगद सोडला. स्वतःच्या वजनाने खाली गेला. बोल्टांना थ्रेडलॉक लावून मॅन्युअलमधल्या टॉर्कने समोरासमोर आवळले. लय जवळजवळ गेली.

चार तास लागले. हंड्याने सुरुवात केली असती तर एक लागला असता.

१८ मे

बॅकलॅश, म्हणजे क्राउन आणि पिनियनच्या दातांमधली मोकळीक. या गोळ्यात बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना आट्यांच्या रिंगा आहेत, त्या फिरवून क्राउन पिनियनच्या जवळ किंवा लांब नेता येतो. मॅन्युअल म्हणतं ०.१० ते ०.१५ मिलिमीटर. आम्ही ०.१२ वर थांबलो. चार ठिकाणी मोजलं, एकाच दातावर विश्वास ठेवू नका.

दात कुठे टेकतात हे बघायला मेस्ताने तेलात कालवलेला शेंदूर दातांना लावला. मी म्हटलं, देवळातून आणला की काय? "तो वेगळो, हो वेगळो," एवढंच बोलला. खूण दाताच्या मध्यभागी, किंचित आतल्या टोकाकडे. चालेल.

मग भोक. तांब्याच्या नळीला गोळ्याच्या बाहेर यायला एक भोक पाडून आटे मारावे लागतात. गोळा टेबलावर उलटा असताना जागा ठरवली. ड्रिल झाल्यावर लक्षात आलं की गाडीत बसल्यावर शेजारच्या नटामुळे फिटिंगवर पाना चढणार नाही. ते भोक बोल्ट आणि सीलंटने बुजवलं आणि दोन सेंटिमीटर वर दुसरं पाडलं. ज्यांना पुढे करायचंय त्यांच्यासाठी: ड्रिल हातात घेण्याआधी गोळा एकदा नुसता गाडीत लावून पाना फिरतो का बघा.

केस आत नसतानाच भोक पाडा, नाहीतर चुरा बेअरिंगमध्ये जातो. तरीही आम्ही डिझेलने तीनदा धुतलं. तिसऱ्यांदाही चुंबकाला कण लागले.

२५ मे

यंदा मे संपायच्या आतच पाऊस उतरला. गॅरेजच्या पत्र्यावर असा आवाज की बोलणं ऐकू येईना. जूनच्या आत काम संपवायचा बेत गेला.

कॉम्प्रेसर कुठे बसवायचा यावर वाद. मी ग्रिलमागे मोकळी जागा दाखवली. मेस्ताने व्हाळाची उंची विचारली. मांडीपर्यंत, म्हटलं. त्याने काही न बोलता कॉम्प्रेसर मागच्या सीटच्या बाजूला, चाकाच्या घुमटावर ठेवला. आवाज होतो, पण कोरडा राहतो. बॅटरीकडून जाड वायर, मध्ये रिले आणि फ्यूज. लॉकचा स्विच कॉम्प्रेसरच्या स्विचमधून जोडला, म्हणजे कॉम्प्रेसर बंद असेल तर लॉक चुकून लागत नाही.

पाइप नेताना सायलेन्सरपासून वीतभर लांब ठेवा. आमच्या पहिल्या मार्गात तो फक्त चार बोटांवर होता. चाचणीत मऊ पडला, म्हणून बदलला.

१ जून

पहिली हवा. स्विच दाबला, टक्क. दोन्ही मागची चाकं जॅकवर, एक हाताने फिरवलं तर दुसरं त्याच दिशेने फिरलं. पाच मिनिटं आम्ही लहान मुलांसारखं तेच करत बसलो.

मग कळलं की कॉम्प्रेसर थांबतच नाही. दाब शंभरच्या आसपास पोचून बंद पडायला हवा, तो दर अर्ध्या मिनिटाला परत चालू. बाहेरच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं, एक फुगा नाही. नंतर एक्सलच्या ब्रीदरमधून (आतली हवा ये-जा करू देणाऱ्या छिद्रातून) सुईसुई आवाज आणि सोबत ऑइलचे थेंब. म्हणजे गळती आत. हवा लॉकरला न जाता हाउसिंगमध्ये भरतेय आणि ऑइल बाहेर ढकलतेय.

हे एक लक्षण लक्षात ठेवा. ब्रीदरमधून ऑइल आलं की लोक "ऑइल जास्त झालं" म्हणून थोडं काढतात. माझं मोजून दीड लिटर होतं.

८ जून

परत गोळा बाहेर. सील हाउसिंगच्या दोन ओ-रिंगांपैकी एकीवर नखाएवढी चीर. कोरडीच बसवली होती आम्ही. बेअरिंगच्या जागेवर चढवताना कड लागली. नव्या रिंगेला गिअर ऑइल चोळून फिरवत-फिरवत बसवली. तांब्याची नळीही क्राउनपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर आढळली, ती वाकवून लांब केली. हे आधी दिसलं नव्हतं, ओ-रिंगने फाटून उपकारच केले.

पुन्हा बॅकलॅश, पुन्हा शेंदूर. अख्खा दिवस. मेस्ताने अर्धीच मजुरी घेतली, चूक दोघांची म्हणून. आता लॉक लावून दहा मिनिटं उभी ठेवली, कॉम्प्रेसर एकदाही चालू झाला नाही.

२२ जून, कुळागर

रात्रभर पाऊस. चढाच्या पायथ्याशी थांबलो, टायर १५ वर आणले, फोर-लो, दुसरा गिअर, मग लॉक. मागे तोच पंप, तीच पोती. गेल्या वर्षीच्याच चरात डावं चाक गेलं. पुढचं उजवं हवेत उठलं आणि फिरायला लागलं, पण मागून गाडी ढकलली जात राहिली. कसला आवाज नाही, चिखल उडाला नाही. वर पोचल्यावर आमचे तात्या छत्री घेऊन उभे होते. म्हणाले, "आज लवकर आलास?"

पण एक नोंद. वरच्या सपाटीला जांभ्याचा कडक दगड आहे. तिथे लॉक सोडायला विसरलो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं. गाडी सरळच ढकलत गेली, कुंपणाच्या खांबाला बंपर टेकला. स्विच बंद केला तरी लॉक लगेच सुटलं नाही. शाफ्ट पिळलेले असतात, किंचित रिव्हर्स घेतल्यावर सुटलं. डॅशवर स्विचचा दिवा आहे पण दिवसा दिसत नाही, मोठा केशरी लावायचा.

३ ऑगस्ट

सकाळी स्विच दाबला, टक्क नाही. कॉम्प्रेसर नुसता धावतोय. गाडीखाली पाहिलं तर निळा पाइप बोटभर लांबीत कुरतडलेला. उंदीर. पावसात त्यांनाही कोरडी जागा हवी असते आणि इंधन टाकीच्या वर ती मिळते. फिटिंगसोबत आलेला जोडतुकडा डब्यात होता, अर्ध्या तासात दुरुस्त. आता संपूर्ण पाइप गॅसच्या शेगडीच्या स्टीलवेष्टित नळीसारख्या आवरणातून नेलाय. पाचशे रुपये. ते पहिल्याच दिवशी घातले असते तर बरं.

लॉक नसतानाही वर चढता आलं त्या दिवशी, जमीन वाळली होती. ही बाजू लिहून ठेवतो. दहा फेऱ्यांपैकी सहा-सात वेळा चांगला टायर, कमी हवा आणि सांभाळून टाकलेला पाय पुरतो. लॉकर उरलेल्या तीनांसाठी.

१५ ऑगस्ट

व्हाळात पाणी वाढलेलं. पार केल्यावर ऑइलची कांडी काढून पाहिली, म्हणजे फिलर प्लगमधून बोट घातलं, तर चहात दूध पडल्यासारखं. गरम एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. लॉकरचा दोष नाही, माझाच. ब्रीदर जुनाच, एक्सलवरच ठेवला होता. आता त्याला नळी जोडून टेललॅम्पच्या उंचीपर्यंत नेली. ऑइल बदललं, ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. दुसऱ्याच दिवशी पुन्हा बदललं, कारण पहिल्यात अजून दूध होतं.

२८ सप्टेंबर

चवथ (गणेशचतुर्थी) झाली, फवारण्या झाल्या, एकदाही ट्रॅक्टर बोलावला नाही. हिशोब:

लॉकर १,१२,०००. कॉम्प्रेसर ३१,५००. बेअरिंगं, सील, गॅस्केट ५,४००. ऑइल २,७००. वायर, रिले, पाइप, आवरण ३,८००. मजुरी १४,०००, दुसऱ्यांदा उघडल्याचे ४,०००. एकूण १,७३,४००. बजेटपेक्षा तेहतीस हजार वर. मेपासून जूनपर्यंत गाडी मधूनमधून बंद, त्या दिवसांचे बसभाडे धरलेले नाही.

२२ सप्टेंबरपासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. माझ्या लॉकरवर ८,७५० रुपयांचा फरक पडला असता. पण मग यंदाचा पाऊस ट्रॅक्टरवाल्याच्या भरवशावर काढावा लागला असता.

आज ड्रेन प्लग उघडला. चुंबकावर राखाडी मलमासारखा बारीक थर, चकाकणारे तुकडे नाहीत. ऑइल स्वच्छ, तपकिरी. बॅकलॅश बाहेरून हाताने जाणवण्याइतका वाढलेला नाही. ओ-रिंगचा एक संच सुटा मागवून ग्लव्हबॉक्समध्ये ठेवलाय.

मागच्या डाव्या ड्रमच्या आतून ब्रेक प्लेटवर ओल दिसतेय. शाफ्टची सील असावी, मार्चमध्ये स्प्लाइन मोजताना तीच बाजू ओढली होती. पुढच्या रविवारी ड्रम उघडतो.